जनरल थोरातांचा कागद

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वेळही नेमून दिलाय आणि विषयही. सैन्यात नोकरी करून आलेला आणि नंतर लोकांच्या कामाला लागलेला एखादा माणूस, असा विषय. तो कोणी सुचवला हे मला ठाऊक आहे. सुचवणारा तिसऱ्या रांगेत बसलाय. सतरा वर्षं फौजेत काढून तो गावी आला, माजी सैनिकांच्या कोट्यातून परीक्षा दिली आणि आज तलाठी आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्यावरच बोलते की. तर म्हणाला, "बोललीस तर मी उठून चहाला जाईन." म्हणून मी त्याच्याहून फार वरच्या हुद्द्याच्या एका माणसावर बोलणार आहे. रस्ता मात्र दोघांचा एकच, आधी वर्दी आणि मग दफ्तर.

त्यांचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात सगळे एस. पी. पी. थोरात म्हणायचे. जन्म १२ ऑगस्ट १९०६, कोल्हापूरकडच्या वडगावचा. मला शाळेत हे नाव कधी भेटलं नाही. इतिहासाचे सर हसतायत, म्हणजे त्यांनी सांगितलं असेल आणि आमचं लक्ष खिडकीबाहेर असेल.

आपल्या मराठवाड्याला फौजेची ओळख सातारा-कोल्हापूरसारखी घराघरातून झालेली नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. तरी एक धागा आहे. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी आपल्या हिंगोलीला होती, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईलाही होती. त्या कंटिन्जंटमधून पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट तयार झाली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिच्यातले जवान कुमाऊँचे, अहीर आणि जाट असायचे, पण नाव हैदराबादचंच होतं. १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. हे आत्ता सांगायचं कारण असं, की ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये, जानेवारी १९४५ च्या शेवटी, कांगॉ नावाच्या गावाशी जी लढाई झाली तिथे ५१ व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते. इंग्रजी अमलात ही साधी गोष्ट नव्हती. एक होते कोदंडेरा सुबय्या थिमय्या, त्यांच्याकडे ही आपली हैदराबाद रेजिमेंटची आठवी पलटण होती. दुसरे एल. पी. सेन, बलुच रेजिमेंटचे. आणि तिसरे आपले थोरात, पंजाब रेजिमेंटचे. थोरातांच्या पलटणीने 'मेलरोझ' असं नाव दिलेली टेकडी घेतली. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. थिमय्या आणि थोरात या दोघांची नावं पुढे पुन्हा पुन्हा एकत्र येतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

सँडहर्स्टचं शिक्षण, सरहद्द, बढत्या हे सगळं मी सोडून देते. मला कोरियाकडे जायचंय.

१९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा एक विचित्र प्रश्न उरला. सुमारे बावीस हजार सहाशे चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी म्हणत होते की आम्हाला आमच्या देशात परत जायचं नाही. ते खरंच स्वतःहून म्हणतायत की त्यांच्यावर दडपण आहे, हे तपासेपर्यंत त्यांना सांभाळायचं कोणी? दोन्ही बाजूंना चालेल असा देश म्हणून भारताचं नाव आलं. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना भारतीय सैनिक आपल्या भूमीवर पाय ठेवायलाही नको होते. म्हणून बंदरावरून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथे तंबूंचं गाव उभं राहिलं, त्याचं नाव हिंदनगर.

काम कसं होतं बघा. समोरचे कैदी हजारोंच्या संख्येने, आपसात गटबाजी, बाहेरून चिथावणी. आपले जवान पाच-सहा हजार. शिवाय शिकलेले सगळे लढायला, आणि इथे कसोटी होती न लढण्याची. गोळीबार केला की एक देश ओरडणार, नाही केला की दुसरा. सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं आणि अडकवून ठेवलं. जनरल थोरात स्वतः आत गेले. चवताळलेल्या जमावात उभे राहून त्यांच्याशी बोलले. मेजर जिवंत बाहेर आला. त्या वेळच्या अशोक चक्र वर्ग दोनने त्यांचा गौरव झाला. १९६७ पासून त्यालाच आपण कीर्ती चक्र म्हणतो. युद्धात मिळालेला डीएसओ आणि बंदूक न चालवता मिळालेलं हे चक्र, दोन्ही एकाच छातीवर. आमच्या घरात फौजेत कोणी नाही, त्यामुळे माझं मत अडाण्याचं समजा, पण मला दुसरं जास्त मोठं वाटतं.

आता कागदाकडे येते.

१९५७ मध्ये थोरात लखनौला पूर्व विभागाचे आर्मी कमांडर झाले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५९ मध्ये, लोंग्जू इथे चिनी सैनिकांशी चकमक झाली आणि ईशान्य सीमेचा, त्या वेळच्या नेफाचा, प्रश्न उघडा पडला. आज आपण त्या भागाला अरुणाचल प्रदेश म्हणतो. ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी त्या सीमेच्या संरक्षणाचा एक आराखडा लिहून सैन्याच्या मुख्यालयाला पाठवला. त्याचा गाभा मी माझ्या भाषेत सांगते. अगदी सीमेवर, जिथे आपला रस्ता पोचत नाही तिथे सगळं बळ नेऊन ठेवू नका. पुढे हलक्या चौक्या ठेवा, त्यांचं काम खबर देणं आणि शत्रूला थोडं अडवणं. मुख्य बचाव मागे, बोमडिला आणि त्या रांगेतल्या ठिकाणांवर, जिथपर्यंत आपली रसद पोचते आणि शत्रूची रसद डोंगर उतरता उतरता लांबत जाते. आणि त्यासाठी एवढं सैन्य, एवढे रस्ते आजपासून लागतील. ते नसेल तर चिनी किती वेगाने किती आत येतील, याचाही अंदाज त्यात होता.

नुसता कागद पाठवून ते थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा एक सराव घेतला. नकाशांवर, वाळूच्या प्रतिकृतींवर, अधिकाऱ्यांना समोर बसवून शत्रू कसा येईल ते खेळून दाखवलं. सॉफ्टवेअरमधली जी मंडळी इथे आहेत त्यांना सांगते, हे म्हणजे नुसता ईमेल टाकून न थांबता सगळ्यांसमोर डेमो देण्यासारखं आहे. डेमोत सिस्टीम पडली. म्हणजे जे म्हटलं होतं तेच दिसलं.

सैन्यप्रमुख तेव्हा थिमय्या होते, त्यांना ते पटलं होतं. कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापर्यंत गेला. मेननना चीनकडून असा धोका मान्य नव्हता. आराखडा बाजूला पडला. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांची इच्छा होती. नेमणूक झाली ती जनरल पी. एन. थापर यांची. थापर ज्येष्ठतेत थोडे वर होते, हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट एकांगी होईल. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोमडिला पडलं. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं. त्या धामधुमीत पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. थोरातांनी लिहून ठेवलंय की तो १९५९ चा कागद नेहरूंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तीन वर्षं तो कागद एका टेबलावरून पुढच्या टेबलावर गेलाच नव्हता.

इथे मी जरा थांबते, कारण हा सगळा अभ्यास करताना मी याच जागी अडकून पडले होते. आराखडा मान्य झाला असता तर युद्ध जिंकलो असतो का, हा वाद जाणकारांनी घालावा. इतकं सैन्य, इतके रस्ते दोन-तीन वर्षांत उभे राहिले असते का, हाही प्रश्न आहेच. वरच्या माणसाला खालच्याचं म्हणणं नाकारायचा अधिकार असतो. लोकशाहीत मंत्री जनरलला नाही म्हणू शकतो, आणि म्हणू शकला पाहिजे. माझं भांडण नकाराशी नाही. नकार लिहून द्यावा लागला नाही, याच्याशी आहे. कोणी, कोणत्या कारणासाठी, कोणता धोका पत्करून हे बाजूला ठेवलं, ते पंतप्रधानांपुढे आलंच नाही.

आमच्या कामात रिस्क रजिस्टर म्हणून एक तक्ता असतो. धोका काय, किती मोठा, उपाय काय, आणि उपाय करायचा नसेल तर तो धोका कोणी मान्य केला त्याची सही. हा शेवटचा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा असतो. मी पूर्वी एका कंपनीत असताना लिहून दिलं होतं की आपण रोज बॅकअप घेतो, पण तो परत चढवून कधी पाहिलेला नाही. तो रकाना रिकामाच राहिला. आठ महिन्यांनी डिस्क गेली आणि बॅकअप उघडेना. बैठकीत सगळे म्हणाले, असं होईल असं कोणाला वाटलं होतं! मी त्यांना कागद दाखवला. त्यावर जी शांतता झाली ती मला अजून आठवते, आणि त्यानंतर मला त्या बैठकांना बोलावणं बंद झालं. आमच्याकडे गेला तो ग्राहकांचा हिशेब, तोही महिन्याभरात पुन्हा जुळवता आला. नेफात माणसं गेली. दोन्ही एका तराजूत घालायचे नाहीत, एवढी अक्कल मला आहे. पण तो रिकामा रकाना मी ओळखते.

आणि आपण लातूरचे. आपल्याला तर हे शिकवायला कोणी जनरल लागत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात जमीन हादरत होती. ऑक्टोबरातला एक धक्का चांगलाच मोठा होता. आपण तेव्हा सहावीत. किल्लारीकडून लातूरला शिकायला आलेल्या मुली डब्याच्या सुट्टीत सांगायच्या की रात्री भांडी वाजतात आणि आजोबा शेतात झोपायला जातात. आपण हसायचो. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर आपला भाग पहिल्या विभागात होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. मग ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, बावन्न गावं जमीनदोस्त, सरकारी आकड्याने जवळजवळ आठ हजार माणसं. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच अंगावर आली.

भूकंप कधी होईल हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं, आजही नाही. त्यामुळे अमक्याने तारीख का सांगितली नाही असं मी म्हणणार नाही. पण माळवद जड आहे, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. नकाशातला विभाग बदलायला २००२ साल उजाडलं. तेव्हा आपण तिसऱ्या विभागात आलो. त्या पहाटेनंतर आलेल्या हिरव्या गाड्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. ढिगाऱ्याखालून माणसं काढणारे जवान आपण आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिले. आपला तलाठी म्हणतो, मी फौजेत गेलो ते त्या आठवड्यामुळे. सातवीतला मुलगा, वडिलांबरोबर भाकरी वाटायला गेला होता. आता बघा, तो खरंच चहाला निघाला. बस रे, तुझं संपलं.

थोरातांकडे परत येते. गणवेश उतरवल्यावर ते काय करू शकले असते? रोज एक मुलाखत देऊन मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, असं म्हणू शकले असते. देश ऐकायला तयारच होता. 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं १९८६ मध्ये, निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी. दरम्यान त्यांनी जे काम केलं त्यातलं एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. होय, एमपीएससी. ज्या परीक्षेसाठी आपल्या लातूर-नांदेडच्या अभ्यासिका पहाटे पाचला भरतात, तीच. आपल्या तुकडीतून दोघं त्या दारातून आत गेले आणि किमान डझनभर दारावर धडका देऊन दुसरीकडे वळले. त्या दाराच्या पलीकडे, राज्य नवीन असताना, हा माणूस बसला होता.

या खुर्चीबद्दल मी राज्यघटना काढून वाचली. इंजिनिअरला नियमावली वाचायची खोड असते. कलम ३१५ पासून ३२३ पर्यंत सगळं लोकसेवा आयोगांचं आहे. त्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, कलम ३१९. राज्य आयोगाचा अध्यक्ष त्या पदावरून उतरला की त्याला पुन्हा सरकारी नोकरी घेता येत नाही. केंद्रीय आयोगावर जाता येतं किंवा दुसऱ्या राज्याच्या आयोगाचं अध्यक्षपद घेता येतं, बस, बाकी सगळे दरवाजे बंद. म्हणजे कोणाला खूश ठेवून पुढची खुर्ची मिळवायची सोयच ठेवलेली नाही.

दुसरी, कलम ३२३. आयोगाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल राज्यपालांना द्यायचा. सरकार आयोगाचा सल्ला मानायला बांधलेलं नाही, ते नाही म्हणू शकतं. पण जिथे जिथे सल्ला मानला नाही, तिथे तो का मानला नाही याचं निवेदन त्या अहवालाला जोडायचं आणि दोन्ही विधिमंडळापुढे ठेवायचं.

ही ओळ मी तीनदा वाचली. ज्या माणसाचा कागद एका मंत्र्याच्या टेबलावर कारणाशिवाय पडून राहिला, तो पुढे अशा जागी बसला जिथे सल्ला डावलणाऱ्याला कारण लिहून द्यावंच लागतं. हा योग मी जुळवलाय, त्यांनी नाही. पण आमच्या तक्त्यातला तो शेवटचा रकाना घटना लिहिणाऱ्यांनी १९४९ मध्येच आखून ठेवला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

युद्धाच्या काळात नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेतही थिमय्यांबरोबर थोरात होते. ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं त्यांनीच पुन्हा विचारलं, तेव्हा हा माणूस रुसून बसला नाही. गेला आणि सांगितलं. मला स्वतःला हे जमलं असतं असं वाटत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये ते गेले, शहाऐंशीवा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच महिन्यात इकडे किल्लारीत रात्रीची भांडी वाजायला लागली होती.

बाई घड्याळ दाखवतायत, तेव्हा एकच काम सांगून खाली बसते. स्मरणिकेच्या संपादकांशी माझं बोलणं झालंय, ते शेवटची चार पानं रिकामी ठेवायला तयार आहेत. १९९२ च्या त्या हादऱ्यांची ज्यांना आठवण आहे, आणि किल्लारी, सास्तूर, औसा, उमरगा या बाजूची जी मंडळी आज आली आहेत, त्यांनी जेवणाआधी ती लिहून द्यायची. कोणत्या महिन्यात, रात्री किती वाजता, घर कसलं होतं, कोणाला सांगितलं आणि ते काय म्हणाले. पाच ओळी झाल्या तरी चालतील. हस्ताक्षराची काळजी करू नका, शुद्धलेखन तपासायला आपल्या बाई आहेतच. कागद आणि पेनं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. आणि तलाठीसाहेब चहा पिऊन आले असतील तर त्यांनी ते सगळे कागद गोळा करून, मोजून, पोच लिहून द्यायची आहे.